खंडूमामांची पेटी

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि कॉलेजात जाऊनही उत्तरपत्रिकांपलीकडं मी फारसं काही लिहिलेलं नाही. तेव्हा एका जित्याजागत्या माणसाचं चित्र शब्दांत काढायला बसावं, हे जरा धाडसच झालं. त्यातून मी खंडूमामांचा नातेवाईक नाही, गिऱ्हाईक नाही, त्यांच्याकडं काम शिकलेलाही नाही. पदवीची वर्षं त्यांच्या दुकानामागच्या खोलीत भाड्यानं काढली, एवढाच संबंध. त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ओळखणारी माणसं हर्सूलपासून फर्दापूरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. त्यांच्यातलं कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितोय. कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

शहराला तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. हर्सूलच्या पुढं, अजिंठ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, नव्या वसाहती उठत होत्या. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. तलावाच्या भेगाळलेल्या तळात पोरं क्रिकेट खेळायची. आणि तरीही प्लॉट पडत होते, कॉलम उभे राहत होते. ज्या गल्लीत टँकरसाठी घागरींची रांग, त्याच गल्लीत चार मजल्यांच्या इमारतीचा नारळ फुटायचा. त्या सगळ्या धुळीत एका पत्र्याच्या शेडवर पाटी होती, ‘खंडू साऊंड’. पिवळ्यावर लाल अक्षरं. मामांनी ती स्वतः रंगवली होती आणि दर दिवाळीला पुन्हा रंगवायचे.

काम होतं गाड्यांमधल्या स्पीकरच्या पेट्या बनवायचं. गाडीत गाणं लागल्यावर जो खालचा, छातीत धडकणारा आवाज येतो, ज्याला सगळे बेस म्हणतात, तो नुसत्या स्पीकरमधून निघत नाही. स्पीकरच्या मागं बंद पेटी लागते. पेटीत हवा किती, लाकूड किती जाड, यावर सगळा खेळ. पेटी चुकली की भारीतला स्पीकरही डब्यात कोंडलेल्या माशीसारखा भणभणतो. “आवाजाला ऱ्हायाला घर पायजे,” मामा म्हणायचे. “भाड्याच्या खोलीत कोंबला की तो चिडतो. व्हय ना, प्राध्यापक?”

प्राध्यापक म्हणजे मी. बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षालाच त्यांनी मला ही पदवी देऊन टाकली होती, आणि भाड्याच्या खोलीचा टोमणाही मलाच असायचा.

मामा उंच, काटक, मिशी काळीभोर. ती काळी कशी राहते हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, पण त्यांच्यासमोर कुणी बोलत नसे. त्यांचं मूळ गाव खुलताबादकडच्या डोंगरात, घराणं मेंढपाळांचं. शहरात येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी उभं राहायची ढब गेली नव्हती. एका पायावर भार, दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवलेला, आणि आधाराला काठीऐवजी प्लायवूडची पट्टी. असे ते दुकानाच्या दारात उभे राहायचे आणि समोरून जाणाऱ्या गाड्यांकडं कळपाकडं बघावं तसं बघायचे. “ह्याचा पत्रा सुटला.” “ह्याचं दार लागत नाय नीट.” गाडी निघून गेल्यावर हा निकाल कुणासाठी असायचा, देव जाणे.

दिसेल त्या वस्तूवर बोटाच्या पेरानं टकटक करायची त्यांना सवय होती. माझ्या पत्र्याच्या पेटीवर, खोलीच्या दारावर, पाण्याच्या ड्रमवर. टकटक करायची, मान वाकडी करून ऐकायचं आणि मत द्यायचं. मत नेहमी बरोबर असायचं असं नाही, पण ते ठाम असायचं. एकदा त्यांनी गल्लीभर खात्री देऊन आणलेलं कलिंगड आतून पांढरंफटक निघालं. मामींनी फोड पुढं केली तेव्हा म्हणाले, “आवाज बरोबर होता. कलिंगडच खोटं बोललं.”

गयामामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ही सवय जुनी असल्याचा पुरावा द्यायच्या. “मला बघायला आले व्हते. समदे चहा प्यायलेत, आन ह्ये गेले धान्याच्या कणगीपाशी. टिचकी मारली आन माझ्या बापाला म्हणले, निम्मी रिकामी हाय. माझा बाप असा चिडला.”

“खोटं बोललो का?” मामा विचारायचे.

“नाय. म्हून तर चिडला.”

फर्दापूर लाईनच्या काळ्या-पिवळ्या जीपवाल्यांमध्ये मामांचं नाव होतं. पण ते सगळं ऐकून घेणारे कारागीर नव्हते. एक ड्रायव्हर आला. त्याला मागच्या सीटखाली पेटी बसवून हवी होती, जितका जमेल तितका मोठा आवाज. मामांनी विचारलं, “मागं कोण बसतं?”

“पॅसेंजर. बाया, लेकरं.”

“मग तिथं नाय. लेकराच्या कानाशी मी आवाज ठेवत नसतो.”

“मग कुठं?”

“ज्याला हौस, त्याच्या बुडाखाली.”

आणि खरोखरच पेटी ड्रायव्हरच्या सीटखाली बसली. तो माणूस पुढं कित्येक महिने दुकानावरून जाताना हॉर्न वाजवायचा. रागानं की कौतुकानं, मला कधी कळलं नाही.

माझी अभ्यासाची जागा आणि त्यांची पेट्या वाजवून बघायची जागा यांच्यामध्ये एकच भिंत होती, त्यामुळं मी त्यांचा विद्यार्थी नसूनही पुष्कळ काही ऐकलं. एकदा त्यांनी विचारलं, “कॉलेजात आवाजाचं शिकवतात का?” मी भीतभीत पुस्तकातला ध्वनिलहरींचा धडा वाचून दाखवला. मामांनी डोळे मिटून सगळा ऐकला आणि म्हणाले, “बरोबर हाय तुमचं पुस्तक.” पुस्तकाला पास करून ते कामाला लागले.

खालच्या आवाजाचं वेड त्यांना लहानपणीच लागलं होतं. मेंढरं घेऊन रानोमाळ फिरताना जत्रेत जो मोठा ढोल वाजायचा, तो त्यांचे वडील वाजवायचे. “लांबून ऐकू यायच्या आधी पायाला कळायचा,” ते सांगायचे. “जमीन सांगायची, बाप वाजवायलाय.” ढोल वडिलांच्या मागं भावाकडं गेला. मामांनी मेंढरांतला आपला वाटा सोडला आणि शहरात सुतारकामाला आले. तिथून पेट्यांकडं. गावातले लोक म्हणाले, चार दिवसांत परत येईल. त्यांना परत जायचं नव्हतं. एवढी एक गोष्ट ते कधी हसत सांगायचे नाहीत.

आता लाल गाडीचं सांगतो.

डॉक्टर नाझनीन दातांच्या डॉक्टर. त्यांनी दोन सीटची, जमिनीला टेकलेली अशी लाल स्पोर्ट्स कार घेतली होती. आमच्या रस्त्यावर ती आली की पोरं पळत यायची. मॅडमना कव्वालीचं फार वेड. गाडीतल्या मूळच्या स्पीकरमध्ये गाणारे ऐकू यायचे, ढोलक नाही. जालना रोडवर सुनीलशेठ नावाच्या माणसाची काचेची मोठी शोरूम होती. त्यांनी सांगितलं होतं की या गाडीच्या डिकीत साधी चौकोनी पेटी बसणार नाही, वेगळी घडवावी लागेल, आणि ते काम आपल्या शहरात होत नाही. पुण्याला पाठवा.

मॅडम पुण्याला गेल्या नाहीत. एका जीपमधला आवाज ऐकून त्या पत्ता विचारत हर्सूलला आल्या.

“मामा, गाडी में एक भी सुराख नक्को. स्टेपनी निकलनी होना. और ढोलक ऐसी सुनाई दे, के बजानेवाला पीछे बैठा है.”

मामांनी डिकी उघडली. आत हात घालून, मान घालून, शेवटी कमरेपर्यंत स्वतःला घालून पाहिलं. टकटक चालू होती. बाहेर येऊन म्हणाले, “डाव्या चाकाच्या वर कोनाडा हाय. वाकडातिकडा हाय, पन हाय. तिथं घर बांधतो.”

बातमी सुनीलशेठना कळायला वेळ लागला नाही. दोन दिवसांनी ते समोरच्या चहाच्या टपरीवर हजर. मॅडम गाडी सोडायला आल्या होत्या, जीपवालेही होते. शेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मॅडम, दात काढायला तुम्ही पेशंटला लोहाराकडं पाठवता का? मेंढरं राखणाऱ्याच्या हातात एवढी गाडी देताय.”

मामा उत्तराला कधी कमी पडत नसत. “शेठ, लोहाराकडं पक्कड तरी असती. तुमच्याकडं नुसता पुण्याचा फोन नंबर हाय.”

लोक हसले. शेठ हसले नाहीत. “खडखड झाली तर?”

मग मामांनी हातातला कप खाली ठेवला. “ह्या गाडीत एक बी गोष्ट खडखडली, तर ही पाटी मी सोता उतरवीन आन परत मेंढरामागं जाईन. समद्यांदेखत सांगतो.”

मॅडम म्हणाल्या, “मामा, गुस्से में कसम नक्को खाओ. गाडी मेरी है, कसम आपकी कायकु?”

“गाडी तुमची, मॅडम. पाटी माझी.”

मामी दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि भांडी जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.

तो उन्हाळा असा होता की पत्र्याच्या शेडला हात लागला तर चटका बसायचा. वाकड्या जागेची पेटी फायबरची करावी लागते. आधी डिकीला प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी लावून झाकायचं, त्यावर काचेच्या धाग्यांची जाळी, त्यावर रेझिन, म्हणजे एक चिकट, पातळ रसायन. रेझिनमध्ये थोडं हार्डनर मिसळलं की ते घट्ट होतं. थंडीत ते सावकाश होतं. मेच्या उन्हात मामांनी पहिलं मगभर रेझिन कालवलं, तर ब्रश बुडवायच्या आत मगातूनच धूर निघायला लागला. मामांनी तो बाहेर फेकला. “विरजण जास्त झालं,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते उजाडता उजाडता, पत्रा थंड असताना काम करायला लागले.

त्यांचे हात मला आता दारात उभं राहून बघायला आवडायचे. जाळीचा एकेक थर ते पोळीवर तूप लावावं तसे चेपायचे. कवच सुटून बाहेर आलं तेव्हा त्याच्यावर त्या कोनाड्याचा प्रत्येक खड्डा-उंचवटा उमटला होता. पुढच्या बाजूला स्पीकरसाठी लाकडी गोल कडं बसवलं, त्यावरून जुनी बनियन ताणून रेझिन पाजलं, खड्ड्यांत पुट्टी भरली आणि पॉलिश पेपरनं घासत बसले. एका बाजूला रुंद कडं, दुसरीकडं पेटीचं टोक निमुळतं. दिसायला ती एखाद्या मोठ्या शंखासारखी दिसत होती.

आता आत हवा किती मावते हे मोजायचं होतं. चौकोनी पेटीचं गणित सोपं, लांबी-रुंदी-उंची. शंखाचं काय करणार? अशा पेटीत पाणी भरून मोजायची रीत आहे. मामांनी ड्रमकडं हात नेला आणि मामी ड्रमसमोर उभ्या राहिल्या.

“टँकर कधी येईल ठाव नाय. ह्या पाण्यात हात घातला तर उद्या आंघोळ त्या रेझिननं करा.”

मामा थोडा वेळ एका पायावर उभे राहिले. मग आत जाऊन ज्वारीचं पोतं आणि मामींची पायली घेऊन आले. पायली म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप, मामींच्या माहेरचं. “कंपनी लिटरमधी बोलती, आपण पायलीत बोलू. प्राध्यापक, ह्या दोघांचं जमवून द्या.” पायलीत किती लिटर बसतं ते मी पाण्याची लिटरची मोकळी बाटली घेऊन ज्वारीनंच काढून दिलं. मग पेटीच्या भोकातून ज्वारी ओतली गेली, काठोकाठ भरली, आणि परत काढून पोत्यात गेली. माप स्पीकरच्या कंपनीनं सांगितलं होतं तेवढंच आलं. मामा इतके खूश झाले की रस्त्यानं जाणाऱ्या टँकरवाल्यालाही त्यांनी ते थांबवून सांगितलं.

शेवटी आत भरायला गावाकडून लोकर आली. धुतलेली, पिंजलेली. आवाज आत आदळून परत फिरू नये म्हणून पेटीत काहीतरी मऊ भरतात. बाजारात त्यासाठी वेगळा कापूस मिळतो. मामांनी लोकरच वापरली. ती त्यांनी मूठमूठ, हळूहळू भरली.

रविवारी सकाळी सगळे जमले. मॅडम, टपरीवाले, जीपवाले, आणि सुनीलशेठ. शेठनी येताना पांढरा शर्ट घातला होता. पेटी कोनाड्यात अशी बसली की जन्मापासून तिथंच असावी. स्टेपनी मोकळी निघाली. मॅडमनी कव्वाली लावली. टाळ्या आल्या, बाजा आला. मग ढोलक आली, आणि तिच्या पहिल्याच जड थापेबरोबर डिकीतून आवाज आला, खर्रर्र.

गाणं चालू राहिलं. दर थापेला खर्रर्र.

मामांनी डिकीच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा गप्प होता. नंबरप्लेट गप्प होती. आवाज पेटीतून येत होता. त्यांनी पेटी बाहेर काढली, हलवली. काही वाजलं नाही. परत लावली. खर्रर्र.

“फायबर पातळ पडलंय,” सुनीलशेठ म्हणाले. त्यांचा स्वर वाईट नव्हता, उलट जरा हळूच बोलले. “पातळ फायबर असंच थरथरतं. पेटी नवीच करावी लागते.”

मामांनी पेटीवर टकटक केलं, ऐकलं, परत केलं. आणि पहिल्यांदाच मी असं पाहिलं की टकटक करूनही त्यांनी मत दिलं नाही. ते शेडच्या मागं गेले आणि शिडी घेऊन आले.

“मामा, रुको,” मॅडम म्हणाल्या. “मैंने बोला क्या कुछ?”

“तुमी नाय बोलल्या, मी बोललो व्हतो.” ते शिडी चढायला लागले. एक जीपवाला पुढं झाला, पण शिडीला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही. मामांनी पाटीच्या तारेला हात घातला.

“पाटी उतरवायच्या आधी माझी ज्वारी द्या,” मामी खालून म्हणाल्या.

“काय?”

“ज्वारी. परत आली ती कमी हाय.”

“इथं माझी पाटी चाललीय, आन तुला ज्वारी सुचतीय?”

“तेच म्हणायलेय. नेली तवा पायलीनं मोजून नेली. परत आणली ती मी बी मोजली. शेवटची पायली वंजळभर खाली आली. मला वाटलं, सांडली आसंल. झाडून बघितलं, कुठंच नाय. मग गेली कुठं?”

मामा शिडीवर तसेच थांबले. मग त्यांची मान हळूहळू वाकडी झाली, टकटक केल्यावर व्हायची तशी.

ते उतरले. स्पीकर काढला. लोकर ओढून बाहेर काढली. पेटी उलटी केली, काही पडलं नाही. मग त्यांनी निमुळतं टोक वर धरून त्याच्या कुशीत तळहातानं थाप दिली, मेंढीच्या पाठीवर द्यावी तशी. कड्याच्या मागं, जिथं बनियनची घडी कवचाला चिकटली होती, तिथं एक खिसा तयार झाला होता. त्या खिशातून ज्वारी घरंगळत मामींच्या पदरात आली.

कुणीतरी हसलं. मग सगळेच. मामी मात्र दाणे निवडत राहिल्या.

खिसा बुजवला, लोकर भरली, पेटी परत बसली. मॅडमनी कव्वाली पहिल्यापासून लावली. टाळ्या, बाजा, आणि मग ढोलक. ते मला नीट सांगता येणार नाही. आवाज मोठा नव्हता. तो खाली होता, रुंद होता, आणि गाडीच्या मागं कुणीतरी मांडी घालून बसलंय असं खरंच वाटत होतं. मी चपला काढून बघितलं. पायाखालची माती हलत होती. मॅडमनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं होतं. सुनीलशेठनी नंबरप्लेटवर बोटं ठेवली, मग दारावर, मग काचेवर. कुठंही काही थरथरत नव्हतं.

“पुण्याचं काम वाटतंय,” ते म्हणाले.

“नाय,” मामा म्हणाले. “खुलताबादच्या अलीकडचं.”

शेठ पहिल्यांदा हसले आणि त्यांनी मामांच्या हातात हात दिला. गाणं संपल्यावर मामांनी पाटीची सैल झालेली तार पुन्हा आवळली. त्या दिवशी गल्लीत ज्याला त्याला त्यांनी ही गोष्ट सांगितली, आणि संध्याकाळपर्यंत गोष्टीत ज्वारी त्यांनी मुद्दामच ठेवली होती. मामी नुसतं ऐकत होत्या.

त्यानंतर सुनीलशेठ स्वतःच अवघड गाड्या हर्सूलला पाठवायला लागले. मी पदवी घेतली आणि पुढच्या शिक्षणाला नागपूरला निघालो. मामा मला सोडायला स्टँडवर आले होते. गर्दीत बोलणं फार झालं नाही. एस. टी. हलली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. ते बसच्या मागच्या पत्र्यावर टकटक करत तिच्याबरोबर चार पावलं चालले आणि कंडक्टरला ओरडून काहीतरी सांगत होते. कंडक्टरनं घंटी वाजवली. मामा धुळीत मागं राहिले, एका पायावर.

त्यांना फोनवर बोलायला आवडत नाही. त्यांच्या मते फोनमधल्या आवाजाला पोट नसतं. त्यामुळं मधली दोन वर्षं मला काही कळलं नाही. मॅडमनी ती लाल गाडी पुण्याच्या कुणाला तरी विकल्याचं एका मित्राकडून कळलं, एवढंच. परवा मामींचा फोन आला. आधी त्यांनी माझ्या जेवणाची चौकशी केली, मग पावसाची, मग माझ्या लग्नाची. आणि शेवटी, ठेवता ठेवता म्हणाल्या, “आरं, पुण्याहून गाडी आलीय. लाल गाडीतली ती पेटी तिथल्या दुकानवाल्यानं बघितली म्हणं. तसलीच पायजे त्याला. पत्ता हुडकीत आला.”

“मग? मामा काय म्हणाले?”

“काय म्हणायचंय? थांबावं लागंल म्हणले. गंगापूरचं ट्रॅक्टर आधी आलंय.”

“आणि पुण्यावाले?”

“थांबलेत की. ट्रॅक्टरवाल्यासंगं पत्ते खेळायलेत.”